एटीआर घेऊ की थांबू? छोट्या मार्गांवरच्या वैमानिकाची चाळीस वर्षं

"मामा, एटीआरची ऑफर आलीये. घेऊ की ए-३२०साठी थांबू?"

भाच्यानं दिवाळीत विचारलेला हा प्रश्न मला वर्षातून निदान आठ-दहा जण विचारतात. विचारणाऱ्याच्या हातात नवाकोरा सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचं लायसन्स) असतो, डोक्यावर पन्नासेक लाखांचं कर्ज असतं आणि घरच्यांचे पेढे वाटून झालेले असतात. एटीआर म्हणजे छोट्या मार्गांवरचं, पंख्यावर (प्रोपेलरवर) चालणारं विमान; ए-३२० म्हणजे मोठं जेट. पंख्याचं विमान म्हटलं की सगळ्यांचा चेहरा जरा उतरतो. आमच्या आईनं तर मला सरळ विचारलं होतं, "जेट नाही का रे मिळालं?"

मी बारा वर्षं एटीआर उडवतोय, त्यातली शेवटची आठ डाव्या सीटवर, म्हणजे कॅप्टन म्हणून. त्यामुळे माझं मत थोडं एका बाजूला झुकलेलं असणार, हे आधीच सांगतो. पण या प्रश्नात एक चूक आहे आणि ती जवळजवळ सगळेच करतात. ते पहिल्या नोकरीचा विचार करतात. भारतात प्रवासी विमान वयाच्या ६५ वर्षांपर्यंत उडवता येतं. चोविसाव्या वर्षी लागलात तर पुढे चाळीस वर्षं आहेत. पहिलं विमान कुठलं यापेक्षा डावी सीट कधी मिळते, रांगेत तुमचा नंबर कितवा आहे आणि मेडिकल किती वर्षं टिकतं, यावर ही चाळीस वर्षं ठरतात. खालचा सगळा मजकूर याच तीन गोष्टींभोवती फिरतो.

एक खुलासा. छोट्या मार्गांवरच्या कंपन्या म्हणजे आपल्याकडे कोण? अलायन्स एअर आणि गोव्यातून मार्च २०२४मध्ये सुरू झालेली फ्लाय९१ एटीआर उडवतात. कोल्हापूरच्या घोडावत समूहाची स्टार एअर एम्ब्रेअर जेट उडवते. इंडिगो मोठी कंपनी, पण २०१७च्या डिसेंबरपासून तिच्याकडेही एटीआरचा स्वतंत्र ताफा आहे. स्पाइसजेटकडे क्यू-४०० ही पंख्याची विमानं. हे फरक पुढे फार कामाला येणार आहेत.

पहिली पायरी: मेडिकल, आणि तेही पैसे भरण्याआधी

बारावीला फिजिक्स आणि मॅथ्स हवं. कॉमर्स-आर्ट्सवाले हे दोन विषय एनआयओएस या मुक्त शिक्षण मंडळातून वेगळे देतात, त्यात कमीपणा काही नाही. पण फ्लाइंग स्कूलमध्ये एक रुपया भरायच्या आधी मेडिकल करून घ्या. आधी क्लास टू ही सुरुवातीची तपासणी, डीजीसीएनं (नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकानं) मान्यता दिलेल्या डॉक्टरकडे. मग क्लास वन, ते बंगळुरूच्या एअरोस्पेस मेडिसिन संस्थेसारख्या हवाई दलाच्या केंद्रांत किंवा ठरावीक मान्यताप्राप्त ठिकाणी होतं. चष्मा चालतो. रंग ओळखण्यात गडबड असेल तर मात्र अडचण मोठी आहे, आणि ती पंचवीस लाख भरून झाल्यावर कळली तर त्याच्यासारखं दुःख नाही. क्लास टू झालं की बाकी नंतर बघू, असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. नोकरी क्लास वनवर मिळते.

हे मेडिकल एकदा करून सुटका होत नाही. ते पुन्हा पुन्हा करावं लागतं आणि वय वाढतं तसं जास्त वेळा. साखर, रक्तदाब, वजन, कान. चाळीस वर्षांचा हिशोब म्हणतो तो इथूनच सुरू होतो.

दुसरी पायरी: सीपीएल

याबद्दल माहितीचा पूर आहे, म्हणून मी थोडक्यात उरकतो. लेखी पेपर नेव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स आणि टेक्निकलचे, पास व्हायला ७० टक्के. रेडिओवर बोलायचा परवाना, म्हणजे आरटीआर, वेगळा. किमान २०० तास उड्डाण, त्यातले १०० तास स्वतः पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची जबाबदारी आपली; शिवाय क्रॉस-कंट्री (एका गावाहून दुसऱ्या गावाला), इन्स्ट्रुमेंट (बाहेर न बघता उपकरणांवर) आणि रात्रीचं उड्डाण. वय किमान १८. लायसन्सच्या अर्जाआधीच्या सहा महिन्यांतलं ताजं उड्डाणही लागतं, त्यामुळे १८० तासांवर शाळा ठप्प झाली की मुलं अडकतात, आणि अडकतातच.

म्हणून शाळा निवडताना माहितीपत्रकातल्या फोटोंकडे बघू नका. गोंदिया, बारामती, शिरपूर, जळगाव, जिथे जायचं असेल तिथे स्वतः जा, हँगरच्या बाहेर दोन दिवस चहा प्या आणि मोजा: किती विमानं दिसतात, त्यातली किती उडतात, इंजिन उघडून ठेवलेली किती? सहा महिन्यांपूर्वी आलेल्या मुलाला विचारा, "तास किती झाले?" तो आकडा पंचवीस-तीस असेल तर तुमचा दीड वर्षाचा कोर्स तीन वर्षं चालणार. सगळी फी एकदम भरायला लावणाऱ्या शाळेला हात जोडा. डीजीसीएनं २०२५पासून शाळांची श्रेणी लावायला सुरुवात केली. पहिल्या यादीत वरच्या दोन श्रेण्यांत एकही शाळा बसली नाही. यावरून काय ते समजा.

तिसरी पायरी: मधली कोरडी वर्षं

सीपीएल हातात आला की नोकरी लागते, असं घरच्यांना वाटतं. २०२२मध्ये डीजीसीएनं १,१६५ सीपीएल दिले, २०२३मध्ये १,६२२. एवढे सगळे काही त्याच वर्षी कॉकपिटमध्ये बसले नाहीत. इंडिगोनं २०२३मध्ये ५०० विमानांची ऑर्डर दिली, एअर इंडियानं ४७०ची, हे खरं. पण विमानं वर्षानुवर्षांत हप्त्याहप्त्यानं येतात आणि सुरुवातीला टंचाई असते ती कॅप्टनची. दोनशे तासवाल्यांची टंचाई कुठेच नाही. मुलाखतीला जाताना हे लक्षात असू द्या.

या काळात दोन मोह होतात. पहिला, स्वतःच्या पैशानं ए-३२०चं टाइप रेटिंग (त्या एका प्रकारचं विमान उडवायची परवानगी) करून टाकायचं. समोर भरतीची जाहिरात असेल, तिच्यात रेटिंग मागितलं असेल आणि पैसा कर्जाचा नसेल, तर करा. नुसतं "केलेलं बरं" म्हणून करू नका. रेटिंग करून वर्षभर घरी बसलेल्या मुलाचा सिममधला (सिम्युलेटरमधला) हात पाहिलाय मी. कागदावर तो ए-३२०चा पायलट असतो, प्रत्यक्षात सगळं विसरलेला. दुसरा मोह, उडणंच सोडून द्यायचा. इन्स्ट्रुमेंट रेटिंग चालू ठेवा, मल्टी-इंजिनाचे थोडे तास घ्या, जमलं तर इन्स्ट्रक्टर रेटिंग करून शिकवा. दोनशेच्या जागी सातशे तास घेऊन येणारा, मुलांना उतरायला शिकवलेला उमेदवार मुलाखतीत पहिल्या दहा मिनिटांत ओळखू येतो.

छोट्या कंपन्या बऱ्याचदा रेटिंग स्वतः करवून देतात आणि बदल्यात बाँड घेतात. बाँडबद्दल पुढे.

चौथी पायरी: पंख्याच्या विमानात नेमकं काय शिकता

इथे जरा थांबणार आहे, कारण "एटीआर म्हणजे जेट मिळेपर्यंतची सोय" हा समज इथेच मोडतो.

एटीआर ७२-६००च्या कॉकपिटमधले पडदे नवे आहेत, ए-३५०वाल्यालाही ओळखीचे वाटतील. पण ऑटोथ्रॉटल नाही. इंजिनाची शक्ती कमी-जास्त करायची ती हातानं. फ्लाय-बाय-वायर, म्हणजे मधे संगणक, नाही. योक (हातातलं सुकाणू) ओढला की तो जोर ताणलेल्या तारांमधून थेट पंख-शेपटीच्या हलत्या पृष्ठभागांपर्यंत जातो, आणि शक्ती बदलली की नाक बाजूला जायला बघतं, ते पायानं धरायचं. एपीयू, म्हणजे जमिनीवर वीज-हवा देणारं वेगळं छोटं इंजिन, नाही; जमिनीवर असताना उजवं इंजिन चालू ठेवून त्याचा पंखा ब्रेकनं थांबवतात आणि त्यावर वीज-हवा घेतात. याला आम्ही हॉटेल मोड म्हणतो. नव्या एफओला (फर्स्ट ऑफिसर, म्हणजे उजव्या सीटवरचा को-पायलट) पहिल्या आठवड्यात हेच सगळ्यात गमतीचं वाटतं.

आता जुलै महिना डोळ्यांपुढे आणा. सकाळी पावणेसातचं उड्डाण, गोव्याच्या बाजूनं उत्तरेकडे. जेट ढगांच्या वरून ३५-३६ हजार फुटांवरून जातं. एटीआरची कमाल उंची २५ हजार, आणि छोट्या पल्ल्यात आम्ही सोळा-अठरा हजारांवरच असतो, म्हणजे ढगाच्या ऐन पोटात. बाहेर शून्याच्या खाली, ओलावा भरपूर. कॅप्टनच्या बाजूच्या खिडकीबाहेर एक छोटी दांडी असते, बर्फ साठतोय का हे तिच्यावर दिसतं. त्या दांडीवर पांढरी रेघ धरली की बाकी गप्पा बंद. पंखांच्या पुढच्या कडेचे रबरी बूट फुगवून बर्फ झाडायचा, किमान वेग वाढवायचा आणि वेग उतरायला लागला तर उंची सोडायची तयारी ठेवायची. मी नव्या एफओला सांगतो, रडारकडे नंतर बघ, आधी वेगाच्या काट्याकडे बघ. ऑगस्ट २०२४मध्ये ब्राझीलमध्ये व्होएपासचं एटीआर ७२ बर्फाच्या हवेत पडलं, ६२ माणसं गेली. जानेवारी २०२३मध्ये पोखऱ्याला यती एअरलाइन्सचं एटीआर उतरताना दोन्ही पंख्यांची पाती चुकून फेदर झाली (वाऱ्याला समांतर वळली, पुढे ओढणं थांबलं), ७२ गेले. फ्लॅपच्या (पंखामागच्या, उतरताना बाहेर काढायच्या पट्ट्यांच्या) लिव्हरऐवजी हात पंख्याच्या पात्यांच्या कंडिशन लिव्हरवर गेला होता. तेव्हापासून माझ्या शेजारी बसलेल्या माणसानं लिव्हरकडे न बघता हात नेला तर मी ओरडतो. मोठ्यांदा ओरडतो.

या सगळ्याचा करिअरशी संबंध असा. छोट्या मार्गावर एक सेक्टर, म्हणजे एक उड्डाण, साधारण तासाभराचा. म्हणजे हजार तासांत हजाराच्या आसपास उतरणं, त्यातलं अर्धं तुमच्या हातून. लांब पल्ल्याच्या जेटवर दहा तासांच्या सेक्टरचे हजार तास म्हणजे उतरणं फक्त शंभर, तेही तीन-चार जणांत वाटून. जळगावची धावपट्टी मुंबईच्या मुख्य धावपट्टीच्या जेमतेम निम्मी. तिथे दुपारी चाळीस अंशाच्या उन्हात भरलेलं विमान टेकवायला लागलात की हात आपोआप बसतो. नंतर जेटवर गेलेली आमची पोरं सिमच्या चेकला क्वचितच अडखळतात. सुरुवातीला अडखळतात ते एका गोष्टीत: ऑटोथ्रस्टवर (जेटमधल्या आपोआप कमी-जास्त होणाऱ्या शक्तीवर) त्यांचा विश्वासच बसत नाही, हात सारखा लिव्हरकडे जातो.

त्रासही सांगतो. दिवसाला चार सेक्टर, कधी जास्त. दर वेळी तीच चेकलिस्ट, तेच लोडशीट, पंचवीस मिनिटांत विमान परत. पहाटे सव्वातीनला गाडी दारात. पण बऱ्याच छोट्या विमानतळांवर रात्री उतरायची सोय नसते, म्हणून रात्री बहुतेक वेळा आपल्या गादीवर झोपायला मिळतं. साप्ताहिक विश्रांती जुलै २०२५पासून ३६ची ४८ तास झाली आहे. लहान मुलं असलेल्यांना याची किंमत विचारा.

पाचवी पायरी: लॉगबुक आणि डावी सीट

कॅप्टन व्हायला लागणाऱ्या एटीपीएल या वरच्या लायसन्ससाठी १,५०० तास आणि वय २१. पेपर वेगळे आहेत, ते एफओ असतानाच देऊन टाका. "तास झाले की देईन" म्हणणारे तास झाल्यावर पेपरसाठी थांबतात आणि मागचे दोघं पुढे निघून जातात. महिन्याला साठ-सत्तर तास धरले तर वर्षाचे सातशे-आठशे होतात (वर्षाची कायद्यानं मर्यादा १,००० आहे), म्हणजे दोन-अडीच वर्षांत १,५००. त्यापुढे कमांड, म्हणजे कॅप्टनपद, केव्हा, हे कंपनीच्या निकषांवर आणि विमानांच्या संख्येवर.

लॉगबुकमध्ये दोन रकाने असतात. उजव्या सीटचे तास आणि पायलट-इन-कमांडचे तास. बाजारात दुसऱ्या रकान्याला भाव आहे. पाच हजार तासांचा एफओ आणि साडेतीन हजार तासांचा कॅप्टन, ज्यातले हजार कमांडचे, या दोघांपैकी परदेशातली कंपनी दुसऱ्याला आधी फोन करते. एटीआरवर डावी सीट मोठ्या जेट कंपनीपेक्षा बहुधा लवकर मिळते, कारण ताफा छोटा असला तरी वरची माणसं सतत जेटकडे जात असतात. "एटीआर घे" असं मी म्हणतो त्यामागचं खरं कारण हेच आहे.

पण "बहुधा" हा शब्द नीट वाचा. कंपनी विमानं वाढवत नसेल आणि वरचे कॅप्टन हलत नसतील, तर तुम्ही सहा वर्षं उजवीकडेच बसाल. म्हणून मुलाखतीच्या शेवटी ते "काही प्रश्न?" विचारतात तेव्हा पगार विचारू नका. विचारा: गेल्या वर्षी किती जणांना कमांड मिळाली, आणि त्यांना कंपनीत किती वर्षं झाली होती? उत्तर टाळलं तर तेच उत्तर.

सहावी पायरी: कंपनी टिकेल का, हे स्वतः तपासा

हा भाग कुठल्याच कोचिंग क्लासमध्ये शिकवत नाहीत. किंगफिशर २०१२मध्ये बंद पडली, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ला, ट्रूजेट २०२२मध्ये. तिघांकडेही एटीआर होती. पण मे २०२३मध्ये थांबलेल्या गो फर्स्टकडे फक्त ए-३२० होती, तेव्हा जेट म्हणजे सुरक्षित हाही भ्रमच. चाळीस वर्षांच्या नोकरीत एक-दोन कंपन्या पायाखालून जाणार, असं धरूनच चाला. थकलेल्या पगाराची मला सवय आहे. एका कंपनीत मी पाच महिने बिनपगारी उडवलंय, आणि बायकोच्या शाळेच्या पगारावर घर चाललं.

छोट्या मार्गांचा धोका वेगळ्या प्रकारचा असतो. छोटी गावं विमानानं जोडायची सरकारी उडान योजना २०१६ची, पहिलं उड्डाण २७ एप्रिल २०१७ला सिमला-दिल्ली. योजनेत काही जागांचं भाडं मर्यादित, साधारण तासाभराला २,५०० रुपये, आणि तोटा भरून द्यायला सरकार तीन वर्षं पैसे देतं. तीन वर्षांनंतर मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहायला हवा. कॅगनं २०२३च्या अहवालात हिशोब मांडला. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. उरलेल्या ३७१पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षं पूर्ण केली, आणि त्यानंतर मार्च २०२३पर्यंत टिकले ५४. आपल्याकडचं उदाहरण हवं तर चिपी घ्या. ऑक्टोबर २०२१मध्ये ढोल-ताशात सिंधुदुर्ग विमानतळ सुरू झाला, आणि मुंबईची ती उडानवाली सेवा तीन वर्षांची मुदत संपल्यावर थांबली. कोकणी माणूस पुन्हा तुतारी एक्स्प्रेसच्या वेटिंग लिस्टमध्ये.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय? ऑफर आली की कंपनीच्या वेबसाइटवर जाऊन तिचे मार्ग लिहून काढा. त्यातले किती उडानवर आहेत, त्यांची तीन वर्षं कधी संपतात, आणि अनुदानाशिवाय चालणारे किती? मोठ्या गावांना जोडणारे, रोज दोनदा भरणारे मार्ग असतील तर कंपनीला कणा आहे. विमानं भाड्याची असतात, बहुतेक सगळ्यांची. पण ती किती आणि जमिनीवर किती उभी, हे लाइनवरच्या एखाद्या एफओला चहा पाजून कळतं. पगार दर महिन्याच्या किती तारखेला होतो, हेही त्याच चहात विचारा.

सातवी पायरी: बाँड, नोटीस आणि रांगेतला नंबर

बाँड म्हणजे प्रशिक्षणाच्या खर्चाच्या बदल्यात ठरावीक वर्षं थांबण्याचं वचन, नाहीतर रक्कम भरा. बाँड वाईट नसतो, न वाचलेला बाँड वाईट असतो. तीन गोष्टी शोधा. रक्कम दर वर्षी कमी होते का, की शेवटच्या दिवसापर्यंत पूर्ण? कंपनीनं पगार थकवला किंवा तुम्हाला घरी बसवलं तरी बाँड लागू राहतो का? आणि मूळ लॉगबुक किंवा प्रमाणपत्रं कंपनीकडे ठेवायची अट आहे का? तिसऱ्याचं उत्तर "हो" असेल तर वकिलाकडे जा, आधी.

त्यावर नोटीस. डीजीसीएनं २०१७मध्ये नियम केला: कॅप्टनला एक वर्षाची नोटीस, को-पायलटला सहा महिन्यांची. जेटची ऑफर आली, त्यांना दोन महिन्यांत माणूस हवाय, आणि तुम्ही नोटीस आता देणार, असं झालं की ऑफर हातातून जाते. बाजाराकडे लक्ष ठेवून वर्षभर पुढचा विचार करायची सवय लावा.

आणि रांगेतला नंबर, म्हणजे सीनियॉरिटी. कंपनीत लागलात त्या तारखेवर तुमचा नंबर ठरतो. कमांड, बेस, सुट्टी, सगळं त्याच्यावर. दुसऱ्या कंपनीत गेलात की नंबर शेवटचा. अमेरिकेत काही छोट्या कंपन्यांचा मोठ्या कंपनीशी करार असतो, पायलट ठरलेल्या क्रमानं वर सरकतो. आपल्याकडे तशी ठरीव शिडी नाही. एटीआर आणि जेट दोन्ही असलेल्या कंपनीत लागलात तर आतल्या आत हलायची वाट असते, पण ती कुठल्या अटीवर, हे लेखी मागा. बाहेर गेलात तर बहुतेक ठिकाणी एटीआरच्या कॅप्टनलाही जेटवर आधी उजवीकडेच बसवतात. खांद्यावरच्या कॅप्टनच्या चार पट्ट्यांवरून तीनवर यायला मन मोठं लागतं. माझा एक बॅचमेट बेचाळिसाव्या वर्षी गेला, पंचवीस वर्षांच्या कॅप्टनसाहेबांना "सर" म्हणत दोन वर्षं काढली आणि आता मजेत आहे. मला ते जमलं नसतं.

आठवी पायरी: पस्तिशीचा फाटा

कमांडचे हजार-दीड हजार तास झाले की, साधारण तिशी ते पस्तिशीत, निर्णय घ्यायला हवा. घेतला नाही तर तो वय घेतं.

एक वाट जेटची. जायचं असेल तर लवकर जा. तीस वर्षांच्या माणसानं रांगेच्या शेवटी उभं राहणं आणि पंचेचाळीसच्या माणसानं उभं राहणं यात पंधरा कमांडच्या वर्षांचा फरक आहे. दुसरी वाट परदेशाची. एटीआर जगभर उडते, आग्नेय आशियात, आफ्रिकेत, बेटाबेटांवर, आणि अनुभवी कॅप्टनला मागणी येत-जात राहते. पण करार संपला की घरी, पेन्शन नाही, मुलांच्या शाळा दर तीन वर्षांनी बदला. तिसरी वाट माझी: एटीआरवरच राहून प्रशिक्षक व्हायचं. आधी लाइन ट्रेनिंग, मग सिममध्ये इन्स्ट्रक्टर, मग एक्झामिनर. छोट्या ताफ्यात प्रशिक्षक कमी असतात म्हणून ही पायरी जेटपेक्षा लवकर येते. ६५ झाल्यावर प्रवासी विमान बंद झालं तरी सिममध्ये शिकवायला बरीच वर्षं वाव असतो. गुडघे दुखायला लागल्यावर या वाटेची किंमत कळते.

पैशाचं, शेवटी पण स्पष्ट

५० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, दहा वर्षं: हप्ता साधारण ६८,९०० रुपये, एकूण परतफेड ८२ लाखांच्या पुढे. शिवाय शिकताना आणि नोकरी शोधताना हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही, पहिल्याच वर्षाला साडेपाच लाख चढतात. "जेटसाठी अजून एक वर्ष थांबतो" या वाक्याची किंमत ही. यात न मिळालेला वर्षभराचा पगार आणि न झालेले सातशे तास धरलेले नाहीत.

पगाराची ऑफर वाचताना एकूण आकडा झाकून ठेवा आणि बघा, न उडता किती मिळतं. बराच भाग उडलेल्या तासांवर असतो. विमान हँगरमध्ये अडकलं की तोही अडकतो. हप्ता किमान हमीच्या तासांतून निघायला हवा. पहिल्या पगारातून लॉस ऑफ लायसन्सचा (मेडिकल जाऊन लायसन्स गेलं तर पैसे देणारा) विमा घ्या, गाडी नंतर. कंपनीचा सामूहिक विमा असेल तर तो नोकरीबरोबर संपतो, आणि मेडिकल जायची वेळ नोकरी बघून येत नाही. आणि उड्डाणाआधीची श्वासाची चाचणी: पहिल्यांदा पॉझिटिव्ह आलात तर लायसन्स तीन महिने निलंबित, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा रद्द. काही माउथवॉश आणि खोकल्याच्या औषधांतही अल्कोहोल असतं. हळदीच्या रात्रीनंतर पहाटेचं रोस्टर असेल तर सरळ रजा टाका, लोक हसू देत.

भाच्याला मी "घे" म्हणालो. कंपनीकडे अनुदानाशिवाय चालणारे मार्ग अर्ध्याहून जास्त आहेत, गेल्या वर्षी काही एफओंना चार वर्षांत कमांड मिळाली, आणि पगार सात तारखेच्या आत होतो, हे त्यानं तिघांना विचारून काढलं. बाँडच्या प्रतीची पीडीएफ त्यानं काल रात्री पाठवलीये. सतरा पानं आहेत. नवव्या पानावर रक्कम पाचही वर्षं तेवढीच राहते असं लिहिलंय, त्यावर पेन्सिलनं गोल करून परत पाठवतोय.